अंगावर पाजल्यानं छाती ओघळते का? दिवस राहिल्यापासून दूध तुटेपर्यंत काय बदलतं

‘अंगावर पाजलं की छाती ओघळते’ हे नागपुरात बाळंतिणीला इतक्या जणी सांगतात की शेवटी तिलाही ते खरं वाटू लागतं. जाऊबाई सांगतात, शेजारच्या काकू सांगतात, पार्लरमध्येही ऐकायला मिळतं. त्या धास्तीनं काही जणी तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच वरचं दूध सुरू करतात. म्हणून आधी तेच स्पष्ट करतो: छातीचा आकार बदलतो तो गरोदरपणामुळे, पाजण्यामुळे नाही. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या प्लास्टिक सर्जननी छातीच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या आणि आधी बाळंतपण झालेल्या बायकांची माहिती तपासली. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. छाती किती उतरली हे ज्या गोष्टींवर ठरत होतं त्या अशा: वय, उंचीच्या मानानं वजन, किती वेळा दिवस राहिले, दिवस राहण्याआधी छाती किती मोठी होती आणि सिगारेटची सवय. पाजलं की नाही, यानं फरक पडत नव्हता. सिगारेट इथल्या बायका फारशा ओढत नाहीत, पण खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खाणाऱ्या आहेत. त्या अभ्यासात खर्रा नव्हता, तरी तंबाखूतलं निकोटिन दुधात उतरतं एवढं पक्कं आहे.

आतलं काम दुसऱ्या महिन्याच्या आधीच सुरू होतं. छाती ठणकते, ब्लाउजचं कापड घासलं तरी झोंबतं, पालथं झोपवत नाही. इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे दूधनळ्यांना नव्या फांद्या फुटतात आणि प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनमुळे दूध तयार करणाऱ्या बारीक पिशव्यांचे घोस वाढतात. रक्तपुरवठा वाढतो, म्हणून कातडीखाली निळ्या शिरा दिसू लागतात. निपलभोवतीचा काळसर भाग रुंद आणि गडद होतो, त्यावर बारीक पुळ्यांसारखे उंचवटे येतात. त्या माँटगोमेरी ग्रंथी. त्यांच्यातून येणारा तेलकट थर कातडी मऊ ठेवतो आणि त्याच्या वासानं बाळ छातीकडे वळतं. त्या पुळ्या समजून फोडू नका आणि तिथं साबण चोळू नका, साध्या पाण्यानं धुणं पुरतं. सोळाव्या आठवड्याच्या सुमारास चीक, म्हणजे पहिलं घट्टसर दूध, तयार व्हायला लागतो. काहींचा गळून कपड्यावर पिवळट डाग पडतो, काहींचा थेंबही दिसत नाही. दिसला नाही म्हणजे पुढं दूध कमी येईल, असं अजिबात नाही.

वाढलेलं हे सगळं वजन कातडी आणि आतले तंतू, म्हणजे कूपरचे बंध, यांच्यावर येतं. दोन्ही ताणले जातात आणि पूर्णपणे पूर्ववत होत नाहीत. कातडीवर लालसर किंवा तपकिरी रेघा उमटतात, त्या वर्ष-दीड वर्षात फिक्या होतात पण जात नाहीत. खोबरेल तेल लावलं तर खाज कमी होते आणि तेवढ्यासाठी ते जरूर लावावं. रेघा थांबवणारं क्रीम म्हणून जे हजार-दीड हजाराला विकलं जातं, त्यावर पैसे घालवू नका.

त्यापेक्षा ते पैसे ब्रावर खर्च करा. या काळात आरशात स्वतःकडे बघून जे वाईट वाटतं, त्यातलं बरंचसं चुकीच्या मापाच्या ब्रानं केलेलं असतं: पट्टा पाठीत वर चढतो, काखेत मांस दबून वळी पडते, छाती होती त्याहून खाली दिसते. बर्डीवर किंवा इतवारीत खरेदीला गेलं की दुकानात ट्रायल रूम बहुधा नसते, काउंटरवर पुरुष असतो आणि बाई संकोचानं जुनाच नंबर सांगून मोकळी होते. म्हणून माप घरीच घ्या. शिवणाची टेप छातीच्या बरोबर खालून, श्वास सोडून, घट्ट धरा. आलेला आकडा विषम असेल तर पुढचा सम आकडा धरा. मग सगळ्यात भरलेल्या जागेवरून टेप सैल फिरवा. दोन्हींत १ इंचाचा फरक असेल तर ए, २ इंच बी, ३ इंच सी, ४ इंच डी. खालचं माप ३३ आलं तर ३४ धरायचं, वरचं ३७ असेल तर तुमचं माप ३४ सी. काही कंपन्या मात्र खालच्या मापात ४-५ इंच मिळवून नंबर देतात, त्यामुळे खोक्यावरचा तक्ता बघितल्याशिवाय घेऊ नका.

पाचव्या महिन्याच्या आसपास पहिली मोठी ब्रा लागते. ती सर्वांत आतल्या, म्हणजे घट्ट हुकावर बसणारी घ्या, कारण बरगड्यांचा घेर अजून वाढणार असतो. फीडिंग ब्रा घ्यायची ती नवव्या महिन्यात, आणि ती उलट: सैल हुकावर बसणारी, म्हणजे बाळंतपणानंतर घेर उतरला की आत लावता येते. कपात तळहात सरकेल इतकी जागा हवी, कारण दूध उतरल्यावर छाती आणखी फुगते. तार नसलेली, सुती, एका हातानं क्लिप उघडणारी. आधी दोनच घ्या, दूध येण्याचं प्रमाण बसलं की तीन-एक आठवड्यांनी नवं माप घेऊन आणखी घ्या. दूध गळतं त्यासाठी जुन्या मलमलीचे चार पदर करून १२ सेंटिमीटर रुंदीच्या गोल चकत्या शिवून घ्याव्या. प्लास्टिकचा थर असलेल्या पॅडमध्ये ओल कोंडते आणि नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४५ च्या वर असताना, दोन दिवसांत कातडी पांढरी पडून सोलते. छातीखालच्या घडीतही तेच होतं. तिथं लाल, खाजरे, कडेला बारीक ठिपके असलेले चट्टे आले तर ती बुरशी असते. पावडर टाकून ती जात नाही, डॉक्टरांकडून बुरशीचं मलम लिहून घ्या आणि घडी दिवसातून दोनदा धुऊन पूर्ण कोरडी करा.

बाळंतपणानंतर वार पडली की प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येतं आणि साधारण तिसऱ्या दिवशी दूध उतरतं. पहिलं बाळंतपण, सिझेरियन किंवा मधुमेह असेल तर एखादा-दोन दिवस उशीर होतो. छाती दगडासारखी होते, चकाकते, हात वर होत नाही. हा फुगवटा निव्वळ दुधाचा नसतो, त्यात सूज आणि रक्तही असतं. इथेच घरातल्या उपायांनी नुकसान होतं. बाजेखाली शेगडी, छातीला गरम शेक आणि मालिशवाली मावशी अंगठ्यानं गाठी ‘फोडते’. सूज आलेल्या जागी उष्णता आणि जोर लावला की सूज वाढते, नळ्या आणखी दबतात, दूध आत अडकतं. मावशींना प्रेमानं सांगा: पाठ चोळा, पाय चोळा, छातीला हात नको. पाजल्यावर १०-१५ मिनिटं थंड ओल्या फडक्याच्या घड्या ठेवा. पाजण्याच्या आधी दूध वाहतं व्हावं म्हणून कोमट फडकं दोन मिनिटं ठेवलं तर चालतं, त्याहून जास्त नको.

काळसर भागच टणक झाला असेल तर बाळाच्या तोंडात तो जात नाही, ते नुसतं निपल चावतं आणि चिरा पडतात. तेव्हा हे करा. मागे रेलून बसा. दोन्ही हातांची बोटं निपलच्या मुळाशी चारी बाजूंनी टेकवा, नखं कापलेली असावीत. सरळ बरगड्यांकडे हळू दाबा आणि तसंच मिनिटभर धरा. बोटांची जागा फिरवून पुन्हा एकदा. सूज मागे सरते, तेवढा भाग गालासारखा मऊ होतो आणि लगेच बाळाला लावायचं. नीट लागलं की नाही हे दिसतं: तोंड जांभईइतकं उघडं, खालचा ओठ बाहेर मुडपलेला, हनुवटी छातीला टेकलेली, काळसर भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो आणि खाली कमी. पहिले काही क्षण टोचणं ठीक, पूर्ण वेळ दुखत असेल तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा.

निपल आत ओढलेलं असेल तर बाळंतपणानंतर १० किंवा २० मिलीची सुई नसलेली सिरिंज वापरतात. सुई बसते ते टोक ब्लेडनं सरळ कापायचं, दट्ट्या बाहेर काढून कापलेल्या बाजूनं आत घालायचा आणि न कापलेल्या बाजूची मूळची गुळगुळीत कड छातीवर टेकवायची. कापलेली बाजू कधीही कातडीला लावू नका, जखम होते. दट्ट्या हलका ओढून अर्धा ते एक मिनिट धरायचा. दुखलं की ओढणं जास्त झालं. काढताना आधी दट्ट्या आत ढकलून हवा सोडायची. हे पाजण्याच्या लगेच आधी, दिवसातून काही वेळा. नागपुरातल्या डागा, मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत बाळंतपण झालं असेल तर सुट्टी मिळण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरकडून एकदा समोर करून घ्या. वाचून करण्यापेक्षा ते बरं.

ताप, थंडी आणि छातीचा एक भाग लाल, हात लावू न देणारा, असं झालं तर त्या बाजूनं पाजणं थांबवू नका. बाळाला त्यानं काही होत नाही. पण जास्तीचं दूध पंपानं उपसू नका. जितकं काढाल तितकं शरीर जास्त बनवतं. चोवीस तासांत उतार पडला नाही, किंवा ताप चढत गेला, तर डॉक्टरांना दाखवा, अँटिबायोटिक लागू शकतं. अर्धवट सोडलेल्या गोळ्यांतून गळू होतं आणि ते सुईनं किंवा चिरा देऊन काढावं लागतं.

आता बोलण्याबद्दल. ‘एवढ्याशा छातीत दूध कुठून येणार’ हे भेटायला आलेल्या बायका तोंडावर म्हणतात. छातीचा बाहेरचा आकार मुख्यतः चरबीचा असतो, दूध ग्रंथीत बनतं. लहान छातीची आई जुळ्यांनाही पाजते. लहान छातीत एका वेळी साठा कमी मावू शकतो, तसं असेल तर बाळ जास्त वेळा मागतं, एवढाच फरक. दूध पुरतंय का हे छाती चाचपून कळत नाही. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा शू आणि वाढतं वजन, हे बघा. एका बाजूला दूध जास्त येऊन ती बाजू मोठी दिसणंही नेहमीचं आहे. लहान बाजूनं आधी पाजायला सुरुवात केली तर फरक थोडा कमी होतो. मेच्या उन्हातही सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी लागत नाही. पाणी आईनं प्यायचं, तहान लागेल तसं, पाजायला बसताना हाताशी भरलेला तांब्या ठेवून.

नवऱ्याच्या स्पर्शाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो. दिवसभर बाळ छातीला असतं, तेव्हा रात्री कोणी हात लावू नये असं वाटणं स्वाभाविक आहे. त्याला प्रेम कमी झालं असं समजू नये. पाजण्याच्या काळात इस्ट्रोजेन कमी असतं, योनी कोरडी राहते, संबंधाच्या वेळी दुखतं आणि दूधही गळतं, कारण दूध वाहतं करणारं ऑक्सिटोसिन हे हार्मोन संबंधाच्या वेळीही सुटतं. आधी बाळाला पाजून घेणं, ब्रा अंगावर ठेवणं, योनीच्या कोरडेपणासाठी पाण्याचा बेस असलेलं वंगणाचं जेल वापरणं, यानं फरक पडतो. शरीराचा राग येणं, आरसा टाळणं, बाळाकडे बघावंसंही न वाटणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. ‘ओल्या बाळंतिणीचं मन हळवंच असतं’ म्हणून सोडून देऊ नका. टेली मानस, १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

पाजणं थांबवताना एकदम थांबवू नका. तीन-चार दिवसांनी एक वेळ कमी करा, रात्रीची सगळ्यात शेवटी. छाती पदरानं आवळून बांधली की गाठी धरतात. दूध आटवायच्या गोळ्या केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, ब्लडप्रेशर असेल तर त्या धोक्याच्या ठरू शकतात. थांबवल्यावर पहिले काही आठवडे छाती पिशवीसारखी रिकामी दिसते आणि हे बघूनच बहुतेक जणी खचतात. तो शेवटचा आकार नसतो. दूध देणाऱ्या पेशी आधी आक्रसतात आणि चरबी मागून, सावकाश भरते, त्याला सहा महिने लागतात. व्यायामानं खालचे स्नायू आणि पाठ सुधारते, उभं राहणं सरळ होतं, म्हणून छाती वर दिसते. ताणलेली कातडी मात्र आवळत नाही. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर दूध पूर्ण थांबल्यावर किमान सहा महिने जाऊ द्या, आणि आणखी मूल हवं असेल तर त्यानंतरच करा, कारण पुढच्या गरोदरपणात कातडी परत ताणते.

एका गोष्टीत मात्र थांबू नका. पाजत असताना लागलेली गाठ बहुतेक वेळा दुधाचीच असते, पण दोन आठवड्यांत गेली नाही, टणक आहे, किंवा वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली आहे, तर सोनोग्राफी करून घ्या. पाजत असताना ती सुरक्षित आहे, गरज पडल्यास मॅमोग्राफीही करता येते. जाताना बाळाला सोबत न्या आणि तपासणीच्या अगदी आधी पाजा. छाती रिकामी असली की चित्र स्वच्छ येतं.