बाई, मग घाम कसला?

आज नववीला 'कार्य' शिकवत होते. भिंत तासभर ढकलली तरी विस्थापन नाही, म्हणजे कार्य शून्य. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मग घाम कसला आला?" वर्गात हशा!

(स्नायू आतून ऊर्जा खर्चतात, हे नंतर सांगितलं.)

पण सूत्र पाठ होतं, अडत होता शब्द. घरी कार्य म्हणजे लग्न, नागरिकशास्त्रात संसदेची कार्ये, इथे बल गुणिले विस्थापन. मग फळ्यावर असेच शब्द काढत बसलो: घात, मूळ, पद. 'पद' तर बीजगणितात एक, व्याकरणात दुसरं, नागरिकशास्त्रात तिसरंच!

इतकी वर्षं मी बिनदिक्कत म्हणायचे, वाचून कळत नसेल तर मराठीच्या बाईंकडे जा.

उदाहरणं राहिलीच. उद्या.