कोरल ब्युटीवर आलेला आळ

जालन्यात एका बियाणे व्यापाऱ्यांच्या घरी मी समुद्री टँक लावून दिलाय, 400 लिटरचा. मुंबईचा समुद्र इथून जवळपास 400 किलोमीटर. बोअरचं पाणी जड, म्हणून आरओचं पाणी घ्यायचं, लिटरला साधारण 35 ग्रॅम या हिशोबाने त्यात समुद्री मीठ विरघळवायचं आणि मे महिन्यात बाहेर पारा 42 वर असताना आत 26 अंश टिकवायचे. एवढ्या कष्टाने जगवलेलं कोरल, म्हणजे प्रवाळ, कुणी कुरतडू लागलं की जीव तुटतो. त्यामुळे शेठचा फोन आला तेव्हा त्यांचा राग मला पूर्ण कळत होता.

"भाऊ, तो मासा आजच्या आज काढून न्या. अर्धे झोआ खाल्ले त्यानं."

झोआ म्हणजे दगडावर गुच्छाने वाढणारं मऊ कोरल. आणि तो मासा म्हणजे कोरल ब्युटी. शास्त्रीय नाव सेंट्रोपायगे बायस्पिनोसा. जांभळ्या-निळ्या अंगावर कुशीला केशरी रंग आणि त्यावर बारीक गडद उभ्या रेघा; पूर्ण वाढला तरी 10 सेंटिमीटरच्या आसपास. बुटक्या एंजलफिशचं हे सगळं घराणं समुद्रात दिवसभर खडकावरचं शेवाळ आणि गाळ टिपत फिरतं. टिपता टिपता काहींना कोरलच्या मांसल भागाची चटक लागते. कोणाला लागेल हे जातीवरून छातीठोकपणे सांगता येत नाही, एकाच जातीचे दोन मासे दोन तऱ्हेने वागतात. म्हणूनच शेठचा संशय मी झटकून टाकला नाही.

पोचलो तर झोआचा गुच्छ खालच्या बाजूने खरोखर विरळ झालेला. शेजारचं लेदर कोरल मात्र ठणठणीत, मशरूम कोरलही फुललेलं. खारटपणा 1.025, तापमान 26, नायट्रेट 10, क्षारता जागेवर. पाण्यात दोष नव्हता.

"कामून काढता त्याला? पाह्यलंय का कुणी खाताना?" घरातल्या काकू म्हणाल्या. माशाला रोज खायला त्याच घालतात.

"दिवसभर टोचतो ना त्यांना!" शेठ.

टोचणं आणि खाणं यातला फरक डोळ्यांनी बघायचा होता. पण माणूस काचेसमोर बसला की हा मासा खाण्याच्या आशेने पुढे येऊन घुटमळतो, त्याचं रोजचं वागणं दिसतच नाही. मी स्टुलावर फोन ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि सगळ्यांना आतल्या खोलीत चहाला बसवलं.

नंतर तो व्हिडिओ आम्ही तिघांनी अगदी सावकाश पाहिला. मासा एका दगडावरून दुसऱ्यावर, कपारीत, पुन्हा बाहेर, थांबतच नाही. झोआच्या गुच्छापाशी आला की देठांच्या मधल्या फटीत तोंड घालतो, तिथला शेवाळाचा थर ओरबाडतो. धक्का लागलेले पॉलिप, म्हणजे गुच्छातले फुलासारखे एकेक जीव, मिटतात आणि थोड्या वेळात परत उघडतात. कडा फाटलेला पॉलिप एकही नाही. आणि जिथून झोआ गायब झाले होते त्या खालच्या कपारीकडे तो पूर्ण रेकॉर्डिंगभर फिरकलाही नव्हता. मला इथेच शंका आली. मी रात्रीपर्यंत थांबायचं ठरवलं.

टँकचे दिवे बंद झाले. मासा आपल्या फटीत जाऊन झोपला. बऱ्याच वेळाने मी लाल उजेडाची बॅटरी लावून खालून बघितलं. झोआच्या बुडाशी हरभऱ्याच्या दाण्याएवढे शंख चिकटलेले होते, चपटे, गोल वळणांचे, वळणांवर तपकिरी-पांढऱ्या चौकटी. एक तर पॉलिपच्या अगदी शेजारी सोंड आत खुपसून बसलेला. हेलिॲकस, ज्याला सनडायल स्नेल म्हणतात. झोआ हेच त्याचं अन्न, दिवसा लपून राहतो. फ्रॅगबरोबर, म्हणजे लावायला आणलेल्या कोरलच्या तुकड्याबरोबर, आलेला असणार.

दगड बाहेर काढण्याआधी मी हातमोजे चढवले, डोळ्यांवर गॉगल लावला आणि घरातल्या पोरांना दुसऱ्या खोलीत पाठवलं. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन हे भयंकर विष असतं. हाताला जखम असेल किंवा डोळ्यात पाणी उडालं तर माणूस थेट दवाखान्यात जातो. झोआ लागलेला दगड गरम पाण्यात उकळायचा तर विचारही करू नये, वाफेतून घरभर लोक आजारी पडल्याच्या घटना जगात घडलेल्या आहेत. टँकच्याच पाण्याच्या बादलीत दगड ठेवून चिमट्याने एकेक शंख उचलला, अंड्यांचे चिकट पुंजके खरवडले. अंडी डिपने, म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवून, मरत नाहीत, त्यामुळे पुढचे काही आठवडे रात्री बॅटरी घेऊन बघत राहा असं काकूंना बजावून सांगितलं.

मासा राहिला. पण त्याचं खाणं मी बदललं. संध्याकाळी एकच चिमूट दाणे मिळत होते, दिवसभर चरणाऱ्या जिवाला ते पुरणार कसे? आता सकाळी क्लिपला नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, तुकडा आणि स्पिरुलिनाचं खाणं थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा. पोट भरलेलं असलं की कोरलकडे वळण्याची शक्यता कमी होते. संपत नाही.

कारण नांदेडच्या एका टँकमध्ये याच घराण्यातल्या फ्लेम एंजल माशाने खरोखरच झोआ फाडून खाल्ले होते. तिथेही असाच व्हिडिओ घेतला आणि त्यात तो स्पष्ट लचके तोडताना दिसला. भरपेट खाऊ घालूनही थांबला नाही, म्हणून त्याला काढावंच लागलं. जाळीने नाही, कारण या माशांच्या गालाजवळ काटा असतो, तो जाळीत अडकून मासा जखमी होतो. पारदर्शक डब्यात खाणं ठेवून, दाराला दोरी बांधून धरला आणि कोरल नसलेल्या टँकमध्ये सोडला.

जालन्याच्या गुच्छाला आता कडेने नवे पॉलिप फुटलेत. शेठ खूश आहेत, आणि आता त्यांना निळ्या झालरीचा मोठा शिंपला हवाय. मी सरळ नाही म्हणालो. त्या शिंपल्याची झालर या माशांना फार आवडते, हे एक. शिवाय ट्रिडॅक्ना मॅक्सिमा आणि स्क्वामोसा हे शिंपले वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची एकमध्ये आहेत, दगडी प्रवाळांसारखेच. दोन्ही मी कुणाच्याच टँकमध्ये लावत नाही. त्याऐवजी लेदर कोरलचा आणखी एक फ्रॅग आणतो म्हटलं, पण आधी महिनाभर वेगळ्या डब्यात ठेवून, रात्री बॅटरीने तपासून.