आजींना तो सीन आठवतच नव्हता

मागच्या रविवारपासून डोक्यात आहे, आज मुलं स्विमिंगला गेलीयेत तर लिहूनच टाकते.

आमच्या इथे लंडनमधल्या कम्युनिटी हॉलमध्ये महिन्यातून एकदा दुपारी जुना सिनेमा लावतात, चहा-बिस्किटं असतात, येणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे. शेजारच्या आजींना परत येताना एकटीने रस्ता ओलांडायची भीती वाटते म्हणून मी त्यांच्याबरोबर जाते. (आजी हे आपल्या घरातलं नाव. समोर मी त्यांना इथल्या पद्धतीने नावानेच हाक मारते, आईला अजून ते पचलेलं नाही.) या वेळी 'द नॅक' होता, १९६५ चा, ब्लॅक अँड व्हाइट, कॉमेडी. आजी आठवडाभर खुशीत होत्या. सिनेमा आला तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या आणि ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर दोनदा बघून आल्या होत्या. शिवाय त्यातलं घर आमच्या इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे, शेफर्ड्स बुशच्या मेलरोज टेरेसवर, त्यामुळे मलाही उत्सुकता होती.

गोष्ट एवढीच की कॉलिन नावाचा एक बुजरा मास्तर आहे, त्याच्या घरात टोलेन नावाचा भाडेकरू राहतो ज्याच्याकडे पोरींची रांग लागलेली असते, आणि कॉलिनला त्याच्याकडून ती 'नॅक', म्हणजे पोरी पटवायची हातोटी, शिकायची आहे. तिसरा टॉम, तो घरातली प्रत्येक वस्तू पांढरी रंगवत सुटलेला. आणि गावाकडून बॅग घेऊन लंडनला आलेली नॅन्सी, जी वायडब्ल्यूसीएचा, म्हणजे मुलींच्या वसतिगृहाचा, पत्ता विचारत फिरतेय.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच खूप आहे. दिग्दर्शक रिचर्ड लेस्टरने आदल्याच वर्षी बीटल्सना घेऊन सिनेमा केला होता आणि तीच धावपळ, तेच कसेही तोडलेले शॉट इथे आहेत. डेव्हिड वॉटकिनचा कॅमेरा इतका उजेड आत घेतो की भिंती जळल्यासारख्या पांढऱ्या दिसतात. जॉन बॅरीचं संगीत दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. कॉलिन भंगारवाल्याकडून एक मोठा लोखंडी पलंग घेतो आणि तो पलंग कॉलिन, टॉम आणि नॅन्सी ढकलत ढकलत अख्ख्या लंडनमधून घरी नेतात, अल्बर्ट हॉलच्या पायऱ्यांवरूनसुद्धा, आणि रस्त्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवर मागून आवाज टाकलेत, काय ही हल्लीची पोरं, असले. आमच्या हॉलमधली म्हातारी माणसं त्यावर पोट धरून हसत होती, कारण तेव्हाची हल्लीची पोरं म्हणजे तीच. आजींनी माझा हात दाबला. मला त्या क्षणी आपण हे शहर निवडलं याचा फार आनंद झाला.

आणि मग पार्कचा सीन आला.

टोलेन नॅन्सीच्या मागे लागतो, ती घाबरते, चक्कर येऊन पडते, आणि शुद्धीवर आल्यावर एकच शब्द बोलायला लागते. रेप. आधी हळू, मग मोठ्याने, मग रस्त्याने चालत, घराघराची बेल वाजवत. एक बाई दार उघडते आणि दारावर आलेल्या सेल्समनला सांगावं तसं आज नको म्हणून दार लावून घेते. खरं तर तसं काही घडलेलं नसतं आणि सिनेमाचा विनोद त्यावरच उभा आहे, की बघा कशी ही मुलगी तो शब्द घेऊन गावभर फिरतेय. हे एका जोकमध्ये संपत नाही. चालूच राहतं. मुलगे तिच्या मागे, ती पुढे, तो शब्द परत परत, वर तेच गमतीचं संगीत.

हॉल गप्प झाला. इतका वेळ हसणारे पन्नासेक लोक एकदम गप्प. मागे कोणीतरी कप खाली ठेवला तो आवाज मला अजून आठवतोय.

मला राग सीनचा आला, पण त्याहून जास्त राग आला नंतरच्या चहाच्या वेळी. कार्यक्रम घेणारे गृहस्थ सगळ्यांना समजावत होते की काळाच्या चौकटीत बघायला हवं, तेव्हा असंच होतं. हे वाक्य मला सहन होत नाही. तेव्हा असंच होतं म्हणजे काय? १९६५ मध्येही त्या शब्दाचा अर्थ हाच होता आणि तो गुन्हाच होता. ज्या थिएटरमध्ये लोक हसले त्याच थिएटरमध्ये ज्यांच्या बाबतीत ते झालं होतं अशा बायकाही बसल्या असणार, तिकीट काढून, कदाचित नवऱ्याशेजारी. काळ सगळ्यांचाच होता, त्यांचाही होता. त्या बायकांना तेव्हा काय वाटलं हे कोणी विचारलं नाही म्हणून काळाचं मत एकच होतं असं कसं म्हणायचं?

घरी येऊन वाचत बसले तर आणखीच गोंधळ झाला. हे मूळ नाटक लिहिलं ॲन जेलिको यांनी, म्हणजे एका बाईनेच. सिनेमाला फ्रान्समधल्या कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला तेव्हा ज्यूरीच्या अध्यक्ष होत्या ऑलिव्हिया डी हॅव्हिलँड, कानच्या पहिल्या महिला अध्यक्ष. नॅन्सी झालेली रिटा टशिंगहॅम काही नवखी नव्हती, तिला १९६२ मध्ये कानलाच अभिनयाचं बक्षीस मिळालेलं, आणि तिचे डोळे असे आहेत की तो सीन चालू असताना मी तिच्या डोळ्यांकडेच बघत होते. म्हणजे पुरुषांनी केला आणि पुरुष हसले, असं म्हणून सुटता येत नाही. मला वाटतं जेलिकोबाईंना दाखवायचं असावं की हा एक शब्द उच्चारला की टोलेनसारख्या माणसाची सगळी ऐट कशी उतरते, आणि ती उतरतेही. पण रस्त्यावरच्या त्या पळापळीत ते हरवून गेलंय.

आता तुम्ही म्हणाल आपल्याकडे काय वेगळं होतं. मान्य, आपल्या सिनेमात हिरो हिरॉइनची वाट अडवायचा आणि आपण त्याला प्रेम म्हणायचो. तरी मला 'अशी ही बनवाबनवी' आठवला, कारण तोही घर, भाडं आणि सडाफटिंग पोरं यांचाच. तो १९८८ चा असला तरी मूळ हिंदी 'बीवी और मकान' १९६६ चा, म्हणजे 'द नॅक'च्या जवळपासचाच. त्यातही फसवाफसवी आहे, साड्या नेसलेले पुरुष आहेत, काही जोक आता मुलांसमोर बघताना मला अडचणीचे वाटतात, पण बाईच्या किंकाळीवर कोणी हसत नाही. मी तो दरवर्षी बघते आणि बघणारच.

नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, सिनेमाचं सोड, कायद्याचं बोल. मीही हट्टाने बोलले. चंद्रपूरकडच्या मथुरा केसमध्ये, म्हणजे पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या खटल्यात, १९७८ ला सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं, त्यावर देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलायला लावला. या ब्रिटिश लोकांच्या कोर्टाने नवऱ्यानेही केला तर बलात्कारच, हे मान्य करायला १९९१ उजाडलं. हे मी मोठ्या तावात म्हणाले आणि लगेच लक्षात आलं की ते कलम आपल्याकडे आजही नाही, नव्या न्यायसंहितेतही नवऱ्याला सूट आहेच. तो काही बोलला नाही. मी भांडी लावायला घेतली.

पण हे सगळं नंतरचं. मला खरं सांगायचंय ते त्या दिवशी परत येतानाचं.

आम्ही मुद्दाम मेलरोज टेरेसवरून आलो. आजी त्या घरासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, मला तो सीन आठवतच नव्हता गं. पलंग आठवत होता, पांढरी खोली आठवत होती, जिन्यावरच्या एकसारख्या स्वेटरमधल्या पोरी आठवत होत्या, आम्ही सगळ्यांनी तसे स्वेटर शोधले होते. दोनदा बघितला आणि हे आठवत नाही. मी हसले असणार. हसले नसते तर लक्षात राहिलं असतं.

मग म्हणाल्या, मीही अशीच आले होते, व्हिक्टोरिया कोच स्टेशनवर, उत्तरेकडून, एक बॅग घेऊन. अर्ल्स कोर्ट भागात खोली मिळाली. घरमालकाकडे किल्ली होती, तो रात्री दार उघडून बघायचा, मी हँडलखाली खुर्ची लावून झोपायचे. सहा महिने. मग ऑफिसात मैत्रिणींना सांगायचे, आज खुर्ची किती इंच सरकली, आणि आम्ही सगळ्या इतक्या हसायचो. प्रत्येकीची एक खुर्ची होती. हसून सांगितलं की सांगता यायचं. रडून सांगितलं असतं तर आईने परत बोलावून घेतलं असतं.

मला पुण्याची पीएमटी बस आठवली. कोथरूडवरून डेक्कनला जाताना आम्ही हॉस्टेलच्या मुली दुपट्ट्याला एक जास्तीची सेफ्टी पिन लावायचो, शोभेसाठी अर्थातच नाही, आणि रात्री खोलीत कोणी आज कोणाला कुठे टोचली याचे किस्से चालायचे, उशीत तोंड घालून हसायचो, शेजारच्या खोलीतल्या येऊन विचारायच्या काय झालं. घरी फोनवर आईला यातलं एक अक्षर कधी सांगितलं नाही.

हे आजींना सांगायला गेले तर सेफ्टी पिनपर्यंत आले आणि पुढचं सांगावंच लागलं नाही. त्यांनी त्यांच्या कोटाची कॉलर उलटी करून दाखवली. आतल्या बाजूला एक पिन होती, जुनी, जराशी गंजलेली. म्हणाल्या, ही आता बटण तुटलं तर म्हणून असते.