११.५ वर साचलेला ढीग

मी काय काम करते असं कुणी विचारलं की आई सांगते, ‘पोरगी कंप्युटरवर लेकरं मोजती.’ तसं चूक नाही.

बीडच्या ऑफिसात बसून मी धारूर-वडवणीकडच्या अंगणवाड्यांतल्या वजन-उंचीच्या नोंदी तपासते. गेल्या आठवड्यात दंडघेराचा आलेख काढला, तर ११.५ वर आकड्यांचा हा ढीग! ११.४ला शुकशुकाट. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की ते अतितीव्र कुपोषित. मग पाठपुरावा, कागदं, वरून फोन. एका ताईंना विचारलं. ‘मॅडम, लेकरू रडायलं, टेप सरकायली, मी काय करू?’ त्यांचंही खरंच. (एका मिलिमीटरनं माझा अख्खा तक्ता हलतो, हे सांगायचा धीर झाला नाही.)

वयाचं तर विचारूच नका. कितीतरी लेकरांची जन्मतारीख १ जून. आजी म्हणते, ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी झालं.’ ते कोणत्या रकान्यात भरू? वय दोन-तीन महिन्यांनी जास्त लागलं, तर काठावरचं चांगलं पोरगं कागदावर वयाच्या मानानं खुजं ठरतं.

दिवाळीच्या आसपास रकाने रिकामे व्हायला लागतात. लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला, फडावर. सॉफ्टवेअर त्याला ‘मिसिंग’ म्हणतं. मी त्या ओळी पुसत नाही. ‘कारखान्यावर’ असा वेगळा कोड टाकलाय. उन्हाळ्यात परतली की पुन्हा मोजायचीत.