दर तिसरा फोटो उजळ

सापडला एकदाचा! आमची सातवी कागदाची कटआउट थोडीथोडी सरकवत, दर वेळी फोनने फोटो काढून स्टॉप-मोशन फिल्म करतेय. तिच्यात सतरा दिवस छळणारा फ्लिकर, म्हणजे फोटोगणिक उजेडाचं कमी-जास्त होणं, सापडला. तो फोनमध्ये नव्हता, ट्यूबमध्ये नव्हता आणि मी ज्याला-त्याला सांगत सुटले होते तसा ॲपमध्येही नव्हता.

मागच्या वेळी फोनसाठी केलेल्या पीव्हीसी पाइपच्या स्टँडबद्दल लिहिलं होतं. तो उत्तम उभा आहे. (बाजारातला वाकडा-तिकडा वळणारा मोबाइल होल्डर घेऊ नका, तासाभरात मान टाकतो.) स्टँड झाल्यावर सातवीने विषय निवडला, २०१९ चा महापूर. तेव्हा ही पोरं अंगणवाडीत नाहीतर पहिलीत होती, पण बोट सगळ्यांना आठवते. पावसाळ्यात सांगलीत ख्यालीखुशालीच्या आधी ‘आयर्विनला किती?’ (म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फूट) हे विचारतात, त्यामुळे हिरो म्हणून पूलच आला. इशारा ४० फुटांवर, धोका ४५ वर आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी गेलं ५७.५ वर.

प्रमाण मुलांनीच धरलं : एका फुटाला एक सेंटिमीटर. ४० पासून ५७.५ पर्यंत साडेसतरा सेंटिमीटर, दर फोटोला पाणी एक मिलिमीटर वर, म्हणजे १७५ फोटो. सेकंदाला १२ फोटो धरले तर जेमतेम साडेचौदा सेकंदांची फिल्म. “एवढंच व्हय?” असं म्हणून सगळे माझ्याकडे बघत बसले. दशांश अपूर्णांक मात्र त्या दिवशी फळ्याविना झाले.

पाण्यासाठी मी निळं प्लास्टिक आणलं होतं. ते पहिल्या दिवशीच नापास. “बाई, पुराचं पाणी निळं कुठं असतंय?” मग वह्यांना घालतो तो खाकी कव्हरचा कागद. तो स्वस्त, चहाच्या रंगाचा, आणि प्लास्टिकसारखा चकाकत नाही. माझ्या मते कटआउटसाठी याच्यासारखा कागद नाही.

आता फ्लिकर. पहिले ६० फोटो जोडून बघितले तर पूर कमी आणि दिवाळीची माळ जास्त. आधी संशय ट्यूबवर. पन्नास हर्ट्झच्या विजेवर चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर एक-तीसांश सेकंदावर असेल तर प्रत्येक फोटोत तीन पूर्ण लुकलुकी आणि एक अर्धीमुर्धी अशी भरती होते, म्हणून उजेड वर-खाली. ‘ओपन कॅमेरा’ ॲपमध्ये कॅमेरा-२ एपीआय (हाताने सेटिंग करू देणारी सोय) सुरू करून शटर एक-पन्नासांशवर, म्हणजे बरोबर दोन लुकलुकींवर, बांधलं (फोनला बदलू न देता पक्कं केलं), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) बांधला, फोकस बांधला. फरक पडला, पण पुरेसा नाही. मग ढग. खिडक्यांना काळा कार्डपेपर लावला. तरी तेच. मग लक्षात आलं की व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवरच राहिला होता! खाकी पाणी जसजसं वर चढे, तसतसा फोन सगळं चित्र थंड करत जाई आणि ५० फुटांच्या पुढे आयर्विन पूल निळसर पडायचा. तोही बांधला. नवा एलईडी बल्बही आणला. दुकानदार ‘फ्लिकर-फ्री’ म्हणाला होता. फोन समोर धरला तर पडद्यावर काळे पट्टे धावले. परत करायला गेले, तर पिशवी फोडली म्हणून घेतला नाही. तो आता व्हरांड्यात लावलाय. सेटवर घरचा जुना टेबल लॅम्प.

एवढं करूनही काही फोटो उजळच. इथे मी हात टेकले आणि एका संध्याकाळी हा प्रकल्पच गुंडाळून श्रुतिका करावी असं ठरवूनही टाकलं.

वाचवलं ते नोंदवहीने. फोटोचा नंबर आणि पाणी कुणी सरकवलं, एवढंच लिहायचं काम एका मुलीकडे होतं. तिने उजळ फोटोंचे नंबर काढले : ३, ६, ९, १२... “बाई, सगळे तीनाच्या पाढ्यातले हायत.” पाणी सरकवायला तिघं आळीपाळीने. तिसरा लॅम्पच्या समोरच्या बाजूला उभा राहायचा, अंगात गणवेशाचा पांढराशुभ्र शर्ट. तो वाकला की लॅम्पचा उजेड शर्टावर आपटून परत सेटवर. फोटोग्राफर थर्माकोलचं पान धरून जे मुद्दाम करतात ते आमच्याकडे नीळ घातलेला शर्ट फुकट करत होता. ट्यूबचा दोष असता तर तो असा पाढे म्हणत आला नसता, हे मला आधी सुचायला हवं होतं.

उपाय म्हणून खडूची रेघ आखली : कागद सरकवा, रेघेमागे या, मग क्लिक. पोरं विसरतात. मग एकाने आजोबांचं काळं घोंगडं आणलं. आता पाणी सरकवणारा घोंगडं पांघरूनच येतो, घामाघूम होतो, पण उजेड गिळण्यात घोंगड्याचा हात कुणी धरणार नाही. उजेड बदलतो का ते कळावं म्हणून कोपऱ्यात पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवून ३० फोटो काढले. तो तुकडा तिसाव्या फोटोपर्यंत जसाच्या तसा. पोरांनी अशा टाळ्या वाजवल्या की शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले.

खरं तर आता सरळ १७५ फोटो काढून मोकळं व्हायचं होतं. पण हे लिहितानाच बेत बदलतोय, कारण काल भलतंच घडलं. चार दिवसांनी ऊन पडलं आणि खिडकीच्या कार्डपेपरला खिळ्याने पडलेल्या भोकातून समोरच्या भिंतीवर अख्खं मैदान उतरलं, उलटं. झेंड्याचा खांब खाली लोंबतोय, चौथीची पोरं छताला पाय लावून पळतायत. पूर, आयर्विन सगळं विसरून वर्ग अर्धा तास भिंतीपाशी. भोक मोठं केलं तर चित्र उजळ पण पुसट, बारीक केलं तर रेखीव पण अंधारं. हे त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने स्वतःच शोधलं.

तेव्हा क्रम असा : उन्हं आहेत तोवर खोलीचाच कॅमेरा, भिंतीवर ड्रॉइंग पेपर लावून मैदान गिरवायचं. पुराची फिल्म ढग आले की. श्रुतिकाही सोडलेली नाही, पुराच्या आवाजासाठी पत्र्यावर तांदूळ ओतून बघणार आहे. घोंगडं मात्र शनिवारपर्यंतच आहे, आजोबांना रात्री शेतावर लागतं.