खिडकीच्या आत बसलेला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. निवृत्त होऊन बेळगावला परतलो तेव्हापासून शहापुरातल्या कट्ट्यावर हा प्रश्न ठरलेला: "एवढी वर्षं दूतावासात होता, मग मानवी हक्कांसाठी काय केलासा ओ?" विचारणाऱ्याच्या मनात अर्थातच सीमाप्रश्न असतो. तो दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. परदेशात बसलेल्या असिस्टंटने त्यात काय दिवे लावायचे?

पण प्रश्न मला लागतो, वेगळ्याच कारणाने.

आखातातल्या एका दूतावासात मी खिडकीवर होतो. एक दिवस खानापूरकडचा गवंडी आला. पासपोर्ट मालकाने ठेवून घेतलेला. प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेला अरबी कागद, खाली याची मराठी सही. "एवढं वाचून सांगा की, साहेब." मी अर्ज भरायला सांगितला, पुढच्या आठवड्यात बोलावलं. पिशवीला गाठ मारत तो वळला आणि मला वडील दिसले: तहसीलदार कचेरीत कन्नड नोटीस धरून, कोण वाचून दाखवतंय का ते बघत उभे. पुढच्या आठवड्यात गवंडी आला नाही.

मानवी हक्क म्हटलं की आपल्याकडे संयुक्त राष्ट्रांतली, जिनिव्हातली भाषणं आठवतात. संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या मानवी हक्क जाहीरनाम्यात 'सगळे पुरुष'च्या जागी 'सगळी माणसं' हे भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी घालायला लावलं, याचा अभिमान मलाही आहे. पण अटकेतल्या माणसाला आपल्या वकिलातीशी बोलू देणारं 1963 च्या व्हिएन्ना कराराचं कलम 36 खिडकीवरच जगतं किंवा मरतं. पाकिस्तानने ते मोडलं, असा निकाल कुलभूषण जाधव प्रकरणात 2019 ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातून आला. आरोप आरोपीला समजेल अशा भाषेत सांगावा, हेही नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. त्यात आपण 1979 ला सामील झालो.

माझ्या वार्षिक अहवालात मात्र निकाली काढलेले अर्ज मोजले जायचे. तुरुंगात किती जणांना भेटलास, कुणाला कागद वाचून दाखवलास, याला रकानाच नव्हता. तो रकाना घाला, बढती त्याला बांधा, खिडकीवर दुभाषा बसवा. व्याख्यानं नंतर. आणि हो, छळविरोधी करारावर 1997 ला सही करूनही आपण तो अजून मंजूर केलेला नाही. दुसऱ्याला हक्क सांगायला गेलं की समोरचा पहिल्यांदा तेच काढतो.

आता गल्लीतली पोरं आखातात निघाली की करार घेऊन माझ्याकडे येतात. मी पगाराची ओळ दोनदा वाचतो, पासपोर्टची झेरॉक्स घरी ठेवायला लावतो. अरबी कागद असला तर सही करू नको म्हणतो. काही जण तरी ऐकतात.