मुदतीच्या दिवशी तुटलेली तात

दुपारी दोनला माझ्या गांबाची, म्हणजे गुडघ्यांत धरून गजाने वाजवायच्या जुन्या युरोपीय तंतुवाद्याची, वरची तार तुटली. नोव्हेंबरातलं गारठलेलं डच चर्च, बाहेर पाऊस. जागा पाचपर्यंतच मिळाली होती आणि महोत्सवाला प्रस्ताव पाठवायची मुदत त्याच रात्री संपत होती.

आदल्या वर्षी एका महोत्सवाने आमचा प्रस्ताव परत केला होता. आम्ही आवडत्या रचनांची नुसती यादी पाठवली होती. ‘हे कुणीही, कुठेही वाजवू शकेल,’ असं उत्तर आलं. मनाला लागलं, पण ते खरं होतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचा प्राचीन संगीताचा महोत्सव १९८२ पासून चालतो आणि दरवर्षी एखादा विषय धरून बांधलेला असतो. अशा ठिकाणी आपण काय वाजवतो याच्याआधी ते का वाजवतो, हे सांगावं लागतं.

म्हणून या वर्षी आम्ही एक भांडण घेऊन गेलो. टोबायस ह्यूम हा पेशाने सैनिक. १६०५ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात त्याने लिहिलं, की गांबा हे ल्यूटच्या, म्हणजे बोटांनी छेडायच्या तंतुवाद्याच्या, तोडीस तोड आहे. ल्यूटवादक जॉन डाउलंडला ते झोंबलं आणि १६१२ च्या आपल्या पुस्तकात त्याने ह्यूमचं नाव घेऊन उत्तर दिलं. आम्ही तिघं: एक गायिका, एक ल्यूटवादक आणि मी. एकदा ल्यूटवादक वाद्यातून बोलणार, एकदा मी. रचनांचा क्रम या वादातूनच ठरला, एकही रचना इकडची तिकडे करता येईना. प्रस्तावाचं एक पान तासाभरात लिहून झालं.

ध्वनिचित्रफीत मात्र विनासंपादन हवी होती, एका दमात वाजवलेली. मी नवी तार चढवली. मेंढीच्या आतड्याची नवी तात आणि वर ओल, म्हणजे खुंटी पिळावी आणि दोन मिनिटांत सूर उतरावा. लहानपणी घरी तंबोरा जुळवताना पाहिला होता, त्या धीराची त्या दिवशी फार गरज पडली. आधी ल्यूट आणि गाणं ध्वनिमुद्रित केलं. तोवर मी कोपऱ्यात बसून तार हलक्या हाताने ओढत राहिले, वाद्याच्या मानेवर बांधलेले सुरांचे पडदे किंचित सरकवत राहिले.

साडेचारला ह्यूमची ‘हार्क, हार्क’ घेतली. तिच्यात त्याने गजाच्या काठीने तारांवर ढोलासारखं वाजवायला सांगितलंय. दोनदा सूर मध्येच उतरला, दोनदा थांबले. तिसऱ्यांदा काठी तारांवर पडली आणि तो कोरडा टकटक आवाज छताला लागून परत आला, तेव्हा थांबावंसं वाटलंच नाही. शेवटच्या ओळीत वरची तार केसभर उतरलेली ऐकू येते. आम्ही तीच फीत पाठवली. सोबत कार्यक्रमाचा वेळ आणि आमची पट्टी, म्हणजे ‘ए’ हा सूर ४१५ हर्ट्झवर, हेही लिहिलं, कारण एकाच मंचावर गट बदलतात तेव्हा आयोजकांना ते आधी माहीत असावं लागतं.

फेब्रुवारीत उत्तर आलं. आम्हाला फ्रिंजमध्ये, म्हणजे मुख्य कार्यक्रमांच्या जोडीने होणाऱ्या छोट्या मैफलींत, घेतलं होतं, एका छोट्या चर्चमध्ये, पन्नास मिनिटं. उतरलेल्या सुराबद्दल अवाक्षर नव्हतं. एवढंच विचारलं होतं, की गांबासाठी बिनहातांची खुर्ची किती उंच हवी. मी मोजपट्टी घेऊन घरची खुर्ची मोजली आणि लगेच कळवलं: सेहेचाळीस सेंटिमीटर, बैठक सपाट.